दुसऱ्या पिंपातल्या चिंध्या

कचऱ्याची गाडी गल्लीत आली की घरोघरच्या बादल्या बाहेर यायच्या. टेलरमास्तरांच्या दारातून मात्र कधी काही यायचं नाही. गाडीवरची बाई सुरुवातीला हाका मारायची, मग तिने नाद सोडला. एकदा मात्र दुकानाच्या पायरीशी थांबून तिने विचारलंच, "मास्तर, खरं सांगा, तुमच्या घरात माणसं राहतात ना? का नुसती मशीनच चालतात?"

"राहतात की. पण टाकत काही नाहीत."

"मग आमच्यासारख्यांनी खायचं काय?"

"टोमॅटो," मास्तर म्हणाले आणि मागच्या परसातून दोन लालबुंद टोमॅटो आणून त्यांनी तिच्या हातावर ठेवले.

पुढे दुकान, त्यामागे दोन खोल्या, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी परस. परस बारा फूट लांब, सात फूट रुंद. हे माप मास्तरांनी टेपने घेतलेलं असल्यामुळे त्यात इंचाचाही फरक नव्हता. एवढ्याशा जागेत टोमॅटो, मिरची, पुदिना आणि भिंतीवर चढवलेला घेवडा असा संसार होता. वेल चढला होता तो मोडक्या छत्रीच्या सांगाड्यावर. रोपांच्या काठ्यांना बांधायला कापडाच्या किनारी होत्या आणि वाकताना काठी डोळ्यात जाऊ नये म्हणून प्रत्येकीच्या टोकावर दोऱ्याचं रिकामं रीळ टोपीसारखं बसवलेलं होतं. विकतची कुंडी औषधालाही नव्हती. फुटकी बादली, गळका डबा, कान तुटलेलं पातेलं अशा सेवानिवृत्त मंडळींना तिथे नव्याने नेमणूक मिळालेली होती.

या सगळ्याच्या टोकाला तीन पिंपं. अंगावर १, २, ३ असे रंगवलेले आकडे. एक भरत असायचं, दुसरं झाकून मुरत असायचं, तिसऱ्यातलं खत वापरात असायचं. भाजीची देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, गल्लीतला पालापाचोळा असं सगळं त्यात थराथराने जायचं आणि दर आठवड्याला त्यावर एक थर सुती चिंध्यांचा. लोक खत खालीवर करतात. मास्तरांना ते मान्य नव्हतं. "मुरणाऱ्याला मुरू द्यावं. उगाच ढवळलं की बिघडतं," असं ते म्हणत. त्यांची बायको काज-बटणं करता करता मान वर न करता पुस्ती जोडायची, "हे मला सांगत नाहीत हो, पिंपाला सांगतात. घरात ढवळायला हेच पुढे."

चिंध्यांचं खातं मात्र मास्तरांनी दुसऱ्या कोणाकडे कधीच दिलं नव्हतं. कापायच्या टेबलाखाली दोन पिशव्या टांगलेल्या. डावीकडे सुती, उजवीकडे मिक्स. मिक्स म्हणजे ज्यात सुताबरोबर टेरिलीनचा धागा असतो ते कापड. ते मातीत कुजत नाही, म्हणून ती पिशवी भरली की उशा भरणाऱ्याकडे जायची. सुती कातरण तेवढी पिंपात. आता पांढऱ्या चिंधीसारखी पांढरी चिंधी. कोणती कुठली हे ओळखणार कोण? मास्तरच. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात कापड धरायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं. चाळीस वर्षं त्यांच्या बोटांनी दगा दिला नव्हता. दोन दुकानदारांचं भांडण झालं तरी कापड मास्तरांच्या हातात यायचं. धागा जाळून बघायची साधी रीत सगळ्या शिंप्यांना ठाऊक असते. सुताची राख होते, टेरिलीनचा कडक मणी होतो. मास्तर त्या रीतीला हसायचे. "काडीपेटी वाण्याकडेही मिळते. मग शिंपी कशाला हवा?"

दोन वर्षांपूर्वी घरात सून आली. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. सून इथेच, रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांच्या बोटांना सुया टोचणारी ही मुलगी घरी मात्र पहिल्याच आठवड्यात स्वतः टोचून घेऊन बसली. तिने कांद्याची सालं लिंबाच्या सालींत मिसळली. त्यावर मास्तरांचं अर्धा तास व्याख्यान झालं. नंतर माहेरी फोनवर ती सांगत होती, "छे गं, सासरी जाच वगैरे काही नाही. फक्त चहाचा चोथा विचारून टाकावा लागतो."

हे मास्तरांच्या कानावर गेलं. ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. त्या दिवसापासून सुनेने चोथा हातात घेऊन "बाबा, परवानगी आहे का?" असं विचारायला सुरुवात केली आणि मास्तरही गंभीर चेहऱ्याने "आहे" म्हणू लागले.

या वर्षी त्यांच्याकडे एक काम आलं. प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाईंना नवजात बाळांसाठी शंभर झबली हवी होती. बाई स्वतः दुकानात आल्या. "मास्तर, मागच्या वेळी दुसरीकडून घेतली. लेबलवर शुद्ध सुती, आणि बाळांच्या अंगावर पुरळ. लेबलवर माझा विश्वास नाही. तुमच्या बोटांवर आहे. कापडही तुम्हीच निवडा."

मास्तर कापडवाल्याकडे गेले, ढिगातले दहा-बारा तागे चाचपले आणि तीन निवडून आणले. सोमवारी झबली पोचवायची होती. शनिवारपर्यंत साठ शिवून, घडी घालून तयार होती. उरलेली चाळीस तिसऱ्या ताग्यातून कापून झाली होती, त्यातली निम्मी मशीनखालून गेलीही होती.

काम चालू असताना एक झबलं बायकोच्या हातात आलं, त्यावर रक्ताचा ठिपका. तिने मास्तरांचं बोट धरून पाहिलं. "अहो, टाचणी घुसलीय. आणि तुम्हाला पत्ता नाही? लक्ष कुठे असतं?" तिने ठिपका गार पाण्याने धुऊन काढला. त्याच संध्याकाळी तिने नुकता ओतलेला चहा स्टीलच्या पेल्यात दिला आणि मास्तरांनी तो सरळ मुठीत धरला. ती बघतच राहिली. "हे हात आहेत का सांडशी?"

"कामाचे हात आहेत," मास्तर म्हणाले. विषय तिथेच संपला.

रविवारी दुसरं पिंप उघडायचं होतं. भरायला सहा महिने, मुरायला चार. पिंप उघडायचा दिवस म्हणजे मास्तरांच्या अंगात उत्साह मावायचा नाही. जुना सदरा, बाह्या कोपरापर्यंत, जमिनीवर पसरलेली गोणी आणि त्यावर खिडकीची जुनी जाळी, चाळणी म्हणून. सून जाळी धरायला आली होती. बायको ओट्यावरून सूचना द्यायला.

झाकण काढलं. वास चांगला होता, ओल्या मातीचा. मास्तरांनी पहिलं फावडं जाळीवर टाकलं, सुनेने जाळी हलवली, काळंभोर खत खाली पडलं आणि जाळीवर उरल्या बोटभर रुंदीच्या सात-आठ पट्ट्या. पांढऱ्या, निळ्या, एक फिकट पिवळी. धुऊन ठेवल्यासारख्या धडधाकट.

दुसऱ्या फावड्यात आणखी. तिसऱ्यातही.

मास्तरांनी फावडं भिंतीला टेकवलं. "सूनबाई, पिंपात काय टाकलंस?"

"मी? काही नाही. जे तुम्हाला विचारून टाकलं तेच."

"या मिक्सच्या चिंध्या आहेत. कुजणार नाहीत. दहा महिन्यांची मेहनत मातीत गेली." एरवी ते स्वतःच्याच वाक्यावर हसले असते, कारण मेहनत मातीतच जायची होती. पण त्या दिवशी आवाज चढलेला होता. "घाईघाईत उजवीकडची पिशवी ओतली असशील. लॅबला उशीर, आणि काय! एक गोष्ट धड सांगितली तर..."

"अहो," बायको म्हणाली.

सुनेने जाळी हळूच खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज सरळ होता. "बाबा, त्या पिशव्यांना मी आजवर हात लावलेला नाही. पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलं होतं, चिंध्यांना घरात दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आईसुद्धा लावत नाहीत." एवढं बोलून ती हात धुऊन आत गेली.

परसात दोघंच उरली. "खरं बोलतेय ती," बायको म्हणाली आणि तीही आत गेली.

मास्तरांनी फावडं उचललं. राग कामात जिरवायचा हा त्यांचा जुना शिरस्ता. ते एकेक थर काढून चाळू लागले आणि सापडलेल्या पट्ट्या भिंतीच्या कडेला ओळीने मांडू लागले. प्रत्येक थराची वेगळी ओळ. वरच्या थरात एकोणीस पट्ट्या. त्याच्या खालच्यात चौदा. मग अकरा. पिंप निम्म्यावर आलं तेव्हा ओळीत तीन पट्ट्या होत्या. त्याखाली एक. आणि तळाच्या दहा-बारा थरांत एकही नाही, नुसतं भुसभुशीत, चहाच्या पावडरीसारखं खत.

ते उकिडवे बसून त्या ओळींकडे पाहत राहिले. कोणी चुकून एखादी पिशवी ओतली असती तर सगळ्या चिंध्या एकाच थरात सापडल्या असत्या. इथे तसं नव्हतं. इथे चूक हळूहळू वाढत गेली होती, आठवड्यामागून आठवडा. ढवळलं असतं तर सगळं एकमेकांत मिसळलं असतं आणि काही कळलं नसतं. त्यांनी ढवळलं नव्हतं.

त्यांनी एक पट्टी उचलली. अंगठा आणि दोन बोटं. डोळे मिटले. पट्टी सुती आहे असं बोटं म्हणाली. तिच्याकडे पाहिलं तर इतके महिने मातीत राहून तिच्या काठाचा धागाही सुटलेला नव्हता.

मग त्यांना दुकानातल्या मांडणीवरची साठ झबली आठवली आणि टेबलावरची चाळीस. तीन तागे. तिन्ही याच बोटांनी निवडलेले.

ते बराच वेळ आत आले नाहीत. शेवटी सूनच बाहेर आली. तिने भिंतीकडेच्या ओळी पाहिल्या, वरच्या थरापासून तळापर्यंत, आणि तिला सांगावं लागलं नाही. रोज आकड्यांचे तक्ते वाचणारी ती.

"बाबा, हात धुऊन या जरा," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात तिने त्यांना खुर्चीवर बसवलं. "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मास्तरांनी डोळे मिटले. ओट्याशी बायको उभी होती, तिच्या बांगड्यांचा आवाज थांबलेला त्यांना ऐकू आला. ते वाट बघत राहिले. "टोच की. घाबरतेस कशाला?"

सुईचं टोपण निघाल्याचा बारीक आवाज आला.

"टोच म्हणतो ना."

"तीन वेळा टोचलं, बाबा."

त्यांनी डोळे उघडले. तीन बोटांवर तीन थेंब.

लॅबच्या पिशवीतल्या छोट्या यंत्रावर तिने एका थेंबाची साखर तपासली. आकडा ऐकून बायकोने तोंडावर पदर धरला. सून म्हणाली की साखर अशी वाढलेली राहिली तर बोटांच्या नसांना बधिरपणा येतो, हळूहळू येतो म्हणून कळत नाही. उद्या डॉक्टरांना दाखवू, गोळ्यांनी पुढचं तरी थांबेल. मास्तरांनी सगळं ऐकलं. त्यांचं लक्ष मात्र दुकानात होतं.

"काडीपेटी दे," ते बायकोला म्हणाले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात कापड ओळखायला काडी ओढली गेली. तिघं टेबलाभोवती उभी. पहिल्या ताग्याचा धागा जळाला, कागद जळल्यासारखा वास आला, बोटाने चुरगाळावी अशी राख झाली. सुती. दुसरा तागा, तीच राख. बायकोने श्वास सोडला. तिसऱ्या ताग्याचा धागा पेटला, आक्रसला, काळा धूर आला आणि टोकाला एक टणक मणी राहिला.

मास्तरांनी तो मणी टेबलावर आपटून पाहिला. टक् असा आवाज आला.

"साठ तर चांगली आहेत ना," बायको म्हणाली. "चाळीस दुसऱ्या कापडाची शिवू. मी बसते मशीनवर. मेट्रनबाईंना सांगू, दोन दिवस उशीर झाला. एवढंच."

"आणि पुढच्या वेळी त्या पुन्हा म्हणतील, कापड तुम्हीच निवडा. तेव्हा?"

बायकोने तो मणी बोटाने बाजूला सारला.

"कोणाला कळणार आहे, असं तुझ्या मनात आलं ना?" मास्तरांनी विचारलं. "माझ्याही आलं. मघाशी परसात बसलो होतो ना, तेव्हा तेच घोळत होतं. पट्ट्या उचलाव्यात, उशीवाल्याच्या पिशवीत कोंबाव्यात आणि गप्प बसावं. सुनेने टाकल्या होत्या असं आपण सगळेच धरून चाललो असतो."

सून टेबलावरची राख हाताने गोळा करत होती. 

मास्तर वळले. स्वयंपाकघरात गेले. गाळणीतला चहाचा चोथा वाटीत काढला आणि वाटी घेऊन सुनेसमोर येऊन उभे राहिले. "सूनबाई, हा कुठे टाकू?"

तिने राखेचे हात झटकले.

"सकाळी चुकलो मी," ते म्हणाले. "तुला बोलायला नको होतं."

"पहिल्या पिंपात," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण विचारलंत ते बरं केलंत. उगाच कुठेही टाकत जाऊ नका."

टेबलापलीकडून बायकोचा हसू दाबल्याचा आवाज आला.

सोमवारी सकाळी मास्तर साठ झबली घेऊन प्रसूतिगृहात गेले. लांब कॉरिडॉर, फिनेलचा वास, कुठूनतरी एका बाळाचं रडणं आणि त्याला साथ देणारं दुसरं. मेट्रनबाई टेबलाशी बसून कसला तरी तक्ता भरत होत्या. मास्तरांनी झबली पुढे ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पिंप, पट्ट्या, बोटं, साखर, तिसरा तागा. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. शेवटी म्हणाले, "यापुढे माझ्या बोटांवर विसंबू नका. काम दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तरी माझं काही म्हणणं नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काडी ओढून बघायला काय झालं होतं?"

"लाज वाटायची."

"लाज?" बाई उठल्या. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला थर्मामीटर काढून त्यांनी मास्तरांपुढे धरला. "तीस वर्षं नोकरी केलीय. बाळाच्या कपाळाला हात लावला की ताप मला कळतो. तरी दरवेळी हा लावतेच. मला लाज वाटायला हवी का?"

त्यांनी थर्मामीटर पुन्हा खिळ्याला अडकवला.

"उरलेली चाळीस गुरुवारपर्यंत द्या. धागा जाळून बघा आणि मगच कात्री लावा," बाई म्हणाल्या आणि पुन्हा तक्ता भरू लागल्या. मास्तर दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला, "आणि मास्तर, डॉक्टर साखरेवर देतील ती गोळी वेळेवर घ्या. तुमचं कापड चांगलं असो की नसो, शिलाई चांगली असते."

डॉक्टर म्हणाले, बोटांची जाण थोडी परत येईल, कदाचित येणारही नाही. मास्तरांनी मान डोलावली. त्यांनी नवा तागा आणला, तो आणताना कापडवाल्याच्या दुकानातच काडी ओढली. कापडवाला चकित झाला. "मास्तर, तुम्ही?"

"का, मला काडी ओढता येत नाही वाटलं?"

गुरुवारी चाळीस झबली गेली. ती मार्गी लागली तरी घरात एक प्रश्न उरलाच होता. तिसऱ्या ताग्याची चाळीस झबली, निम्मी शिवलेली, निम्मी नुसती कापलेली. बाळांना चालणार नाहीत, मातीत कुजणार नाहीत, आणि उशीवाल्याला द्यायची तर बायकोचा जीव होईना. "एवढी नाजूक शिलाई, ती काय उशीत कोंबायला?"

"कुजत नाहीत ना?" सून म्हणाली. ती परसात टोमॅटोच्या रोपांकडे बघत होती. दाटीवाटीने उगवलेली रोपं वेगळी करायची होती आणि घरातल्या फुटक्या बादल्या संपल्या होत्या. "मग तोच तर त्यांचा गुण."

बायकोने नुसती कापलेलीही जोडून घेतली, मग सगळ्या झबल्यांची खालची बाजू शिवून टाकली आणि बाह्याही बंद केल्या. सुनेने त्यांत दुसऱ्या पिंपातलं चाळलेलं खत भरलं. मास्तरांनी एकेक रोप गळ्यातून आत लावलं. कापडातून जास्तीचं पाणी झिरपून जायचं, मुळांना हवा लागायची. कुंडीपेक्षा बरंच. परसाच्या भिंतीवर आणि दुकानाच्या पायरीवर चाळीस गुटगुटीत झबली ओळीने बसली, प्रत्येकाच्या गळ्यातून दोन-दोन हिरवी पानं डोकावणारी.

टेबलाखालच्या दोन्ही पिशव्या आता सुनेकडे होत्या. संध्याकाळी लॅबमधून आली की ती स्टुलावर बसायची, मास्तर तिच्या हातात एकेक चिंधी द्यायचे. ती डोळे मिटायची. "सुती." मास्तर काडी ओढायचे. राख. "मिक्स." राख. "चुकलीस. घाई करतेस. बोट फिरवू नकोस, नुसतं ठेव. कापड आपणहून सांगतं." पुन्हा चिंधी, पुन्हा काडी. हळूहळू काड्या कमी चुकू लागल्या, म्हणजे सून कमी चुकू लागली. काडी ओढणं मात्र थांबलं नाही.

एका सकाळी कचऱ्याची गाडी आली. गाडीवरची बाई पायरीशी थबकली. "हे काय मास्तर? रोपं वाळत घातलीत का बाळं?"

"घेऊन जा एक. टोमॅटोचं आहे. मागे एकदा खायचं काय म्हणून विचारत होतीस ना?"

तिने वाकून एक उचललं. झबल्याच्या काठावरून बोट फिरवलं. "कापड छान आहे. सुती आहे का हो?"

मास्तरांचा हात नकळत पुढे झाला. अंगठा आणि दोन बोटं. मग त्यांनी तो मागे घेतला आणि खिशात घातला.

"आत विचार," ते म्हणाले.

आतून सुनेचा आवाज आला, "मिक्स आहे, मावशी! कुजत नाही. टोमॅटो संपले की पिशवी परत आणून द्या."

"म्हणजे कचऱ्यात टाकायची नाही?"

"या घरात तसं काही नसतं," मास्तर म्हणाले आणि गाडी पुढे जाईपर्यंत पायरीवर उभे राहिले.